सातासमुद्रापलीकडून एव्हर्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातला फुटबॉल क्लब. मी त्याचा पाठीराखा आहे आणि त्या शहरापासून हजारो मैल लांब राहतो. खालचे प्रश्न मला गेल्या वीसेक वर्षांत लोकांनी विचारलेले आहेत. काहींनी कुतूहलाने विचारले, काहींनी कीव येऊन. क्लब दुसरा असला तरी यातली बरीच उत्तरं तशीच लागू पडतील.

एव्हर्टनच का? लिव्हरपूलमध्ये दुसरा क्लब आहे की, तोही जिंकणारा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून आधी हाच संपवतो.

१९ ऑक्टोबर २००२ रोजी लंडनचा आर्सेनल हा क्लब गुडिसन पार्कवर, म्हणजे एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर, खेळायला आला होता. तेव्हा तो गतविजेता होता आणि लीगमधल्या सलग ३० सामन्यांत हरलेला नव्हता. १-१ अशी बरोबरी, शेवटचं मिनिट. आणि बदली म्हणून मैदानात आलेल्या, अजून सतरा पूर्णही न झालेल्या वेन रूनी नावाच्या पोराने लांबून असा चेंडू मारला की त्यांचा गोलरक्षक डेव्हिड सीमन हवेत आडवा झाला तरी हाती काही लागलं नाही. मी तो गोल पाहिला आणि ठरवलं, आजपासून आपण याच्या बाजूने.

दोन वर्षांनी रूनी मँचेस्टर युनायटेडला निघून गेला. ज्याच्यामुळे घरात शिरलो तो दार उघडं टाकून गेला आणि मी आतच राहिलो. पुढे २०१७ मध्ये तो एका मोसमापुरता परत आला, पण तोवर मला त्याची गरज उरली नव्हती.

तुमचा त्या शहराशी संबंध काय?

काहीही नाही. आजोबा तिथल्या गोदीत कामाला होते वगैरे काही नाही. असा संबंध लागतोच असं वाटत असेल तर चिलीकडे बघा. १९०९ मध्ये एव्हर्टन आणि टॉटनहॅम हे दोन क्लब जहाजाने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते. त्याच वर्षी चिलीत काही तरुणांनी आपला क्लब काढला आणि नाव ठेवलं एव्हर्टन. तो आजही विन्या देल मार शहरात खेळतो. २०१० मध्ये हे दोन्ही एव्हर्टन गुडिसन पार्कवर एकमेकांशी मैत्रीपूर्ण सामना खेळले आणि आमचा २-० ने जिंकला. नावाच्या आधारावर एक अख्खा क्लब शंभर वर्षं चालू शकतो, तर माझ्यासारख्या एकट्या माणसाचं काय घेऊन बसलात?

शेवटची ट्रॉफी कधी जिंकलात?

१९९५, एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा. मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून. लीग त्याही आधी, १९८७ मध्ये.

मी पाठीराखा झाल्यापासून: शून्य. सगळ्यात जवळ गेलो ते २००९ च्या एफए कप फायनलला. लुई साहाने २५ व्या सेकंदाला गोल केला. माझी खुर्चीही नीट गरम झाली नव्हती. मग चेल्सीने दोन गोल केले. ते २५ सेकंद मात्र मला अजून तपशीलवार आठवतात.

मग बदलत का नाही क्लब?

बदलता आला असता तर तो फक्त एक कार्यक्रम झाला असता, कंटाळा आला की दुसरा लावायचा. बदलता येत नाही, हेच तर त्यातलं सगळं आहे.

नव्याने सुरुवात करतोय. क्लब कसा निवडावा?

गुणतालिकेत वरून पहिला उचलू नका, एवढाच सल्ला. तो गुन्हा नाही, पण त्यात तुमचं स्वतःचं असं काही नसतं. वाईट दिवस आले की (आणि ते सगळ्यांनाच येतात) धरून ठेवायला हाताशी काही नसतं.

त्याऐवजी क्लब काय चीज आहे ते बघा. अॅथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क प्रदेशाशी नातं असलेले खेळाडू घेतो आणि तरीही स्पेनच्या वरच्या श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही. बार्सिलोनाचा अध्यक्ष सभासद मतदानाने निवडतात. जर्मनीत ५०+१ नावाचा नियम आहे, त्यामुळे काही अपवाद सोडले तर क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांच्याच हाती राहतात. डॉर्टमुंडच्या मैदानात एकाच बाजूला जवळपास २५ हजार लोक उभे राहून सामना बघतात. विम्बल्डन या लंडनच्या फुटबॉल क्लबची गोष्ट तर हवीच. मालकांनी क्लब उचलून दुसऱ्याच शहरात, मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं, तेव्हा २००२ मध्ये पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आणला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात नवं मैदान बांधून परत गेले.

यातलं एखादं वाचून थोडं आत हललं असेल, तर झाली निवड.

दोन क्लब चालतील का?

वेगवेगळ्या देशांतले असतील तर हरकत नाही. एकाच लीगमधले दोन? मग त्यांची आपसात मॅच असेल त्या दिवशी घरात तुमचं काय चाललंय ते मला कळवा.

मैदानात जाणारे तेच खरे चाहते. तुम्ही टीव्हीवाले ‘प्लॅस्टिक’, असं म्हणतात ते?

म्हणतात. त्यात तथ्यही आहे, म्हणून रागावण्याआधी ते समजून घ्यावं.

जो माणूस पावसात, बुधवारी रात्री, दुसऱ्या टोकाच्या शहरात जाऊन ०-३ हरताना बघतो आणि पहाटे घरी येऊन कामावर जातो, त्याने काय दिलं आणि मी काय दिलं याची बरोबरी होत नाही. मी ती करतही नाही. क्लब आधी त्या वस्तीचा, मग माझा. आपण तिथे पाहुणे आहोत. पण वीस वर्षं येत राहिलेला पाहुणा. यजमानाचं घर कसं चालतं ते माहीत असलेला, आपलं ताट आपण उचलणारा. एवढं पाळलं तर प्रत्यक्षात कुणी तुम्हाला प्लॅस्टिक म्हणत नाही. माझा अनुभव उलटाच आहे. लिव्हरपूलच्या लोकांना लांबून आलेल्या एव्हर्टनवाल्याचं फार अप्रूप. त्यांना फक्त एक प्रश्न पडतो, की जगात इतके क्लब असताना ही शिक्षा स्वतःहून कोण घेतं.

मोजायचंच असेल तर अंतर मोजू नका. किती वाईट मोसम काढले ते मोजा.

वाईट मोसम म्हणजे नेमकं काय? दहा गुण कापल्याचं ऐकलं होतं.

हो. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या, तेव्हाच्या आर्थिक नियमांप्रमाणे क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा चालायचा. आमचा १ कोटी ९५ लाखांनी जास्त निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले, फेब्रुवारीत अपिलात त्याचे ६ झाले, मग एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबापोटी आणखी २ गेले. त्या वर्षी गुणतालिका बघायची म्हणजे आधी वजाबाकी करायची. शेवटी पंधरावे आलो. मोसम संपल्यावर पंधराव्या नंबरासाठी इतका निवांत झोपलेला माणूस दुसरा नसेल.

पण खालच्या श्रेणीत गेलं तर एवढं काय बिघडतं?

वीस क्लब, शेवटचे तीन खाली. नियम एवढाच. पण एव्हर्टन १९५४ पासून सलग वरच्या श्रेणीत आहे. तुमच्या काळात ती साखळी तुटावी असं कुणालाच वाटत नाही.

१९ मे २०२२. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-२. मी टीव्ही बंद केला, पाच मिनिटांनी परत लावला. मग मायकल कीन, मग रिचार्लिसन, आणि ८५ व्या मिनिटाला डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुइनचं डोकं. ३-२. घरातले उठून आले, त्यांना वाटलं कोणी गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध दुकुरेच्या एका गोलवर वाचलो. जुने लोक सांगतात, १९९४ मध्येही शेवटच्या दिवशी विम्बल्डनविरुद्ध ०-२ वरून ३-२ झालं होतं. म्हणजे ही आमची खानदानी सवय आहे.

जिंकणाऱ्या क्लबच्या मित्रांना हे सांगून कळत नाही. ते ट्रॉफी उचलताना जेवढे नाचतात त्यापेक्षा मी त्या रात्री जास्त नाचलो होतो, आणि मिळालं काय होतं, तर सतराव्याच्या आसपास राहण्याचा हक्क.

मॅच तुमच्याकडे किती वाजता असते?

हा प्रश्न साधा दिसतो, पण आहे तिढ्याचा. शनिवारच्या मॅच ब्रिटनमध्ये साधारण दुपारी साडेबारा, तीन आणि साडेपाचला असतात, रविवारी दोन आणि साडेचारला. आठवड्यातल्या मॅच रात्री साडेसात किंवा आठला. तिथून पूर्वेला राहणाऱ्याची संध्याकाळ आणि मध्यरात्र जाते, पश्चिमेला राहणाऱ्याची पहाट.

शिवाय ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. तुमच्या देशात घड्याळ हलत नसेल तर हिवाळ्यात प्रत्येक मॅच एक तास उशिरा सुरू होते. जिथे घड्याळ हलतं पण वेगळ्या तारखेला, जसं अमेरिकेत, तिथे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे सगळाच गोंधळ. मी एकदा ऑक्टोबरच्या त्या रविवारी वेळेवर उठून, चहा घेऊन, तासभर रिकामं मैदान बघत बसलो होतो. कॅलेंडरमध्ये वेळ ब्रिटनची टाका, तुमची टाकू नका. बाकीचा हिशोब फोन करतो.

तिथल्या लोकांपेक्षा बाहेरच्यांना जास्त मॅच दिसतात, हे खरंय?

खरं आहे आणि मला आजही त्याचं हसू येतं. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत कुठलीही फुटबॉल मॅच टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. ही पद्धत १९६० च्या दशकातली. बर्नलीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचं म्हणणं होतं, की मोठ्यांच्या मॅच घरात बसून दिसल्या तर लहान क्लबांच्या मैदानांवर कोण येणार? म्हणून तीन वाजताची मॅच गुडिसनपासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्याला, तिकीट नसेल तर, रेडिओवर ऐकावी लागायची आणि मी मात्र ती आरामात बघत असायचो.

यावर फुशारकी मारू नये. माझी सोय झाली आहे ती त्यांच्या गैरसोयीतूनच, हे लक्षात असू द्यावं.

रात्री जागायचं की सकाळी रेकॉर्डिंग बघायचं?

थेट. रेकॉर्डिंग बघताना तुमच्या ओरडण्याचा खेळावर परिणाम होत नाही. (थेट बघतानाही होत नाही म्हणा, पण ते सिद्ध करून दाखवा.)

जमतच नसेल तर रेकॉर्डिंग बघा, पण मग पूर्ण शिस्त हवी. फोन बंद. फुटबॉलवाल्या मित्रांचे गट बंद. आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवा, की सकाळी माझ्याकडे बघून चेहरा करू नका. निकाल चेहऱ्यावरून फुटतो, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना वाटतं शेवटची पाच मिनिटं सोडली तर चालतं, त्यांच्यासाठी १२ फेब्रुवारी २०२५ ची नोंद. गुडिसनवरची शेवटची मर्सीसाइड डर्बी, म्हणजे एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांची शेजाऱ्यांची लढत, लिव्हरपूल २-१ ने पुढे. भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला जेम्स टार्कोव्स्कीने असा हाणला की जाळी फाटते की काय. मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांची फेरतपासणी. मग गोल मान्य. तुम्ही ९० व्या मिनिटाला झोपायला गेला असाल, तर मला तुमच्याशी बोलायचं नाही.

शेजारच्या खोलीतला गोल आधी ओरडतो, मला नंतर दिसतो. काय करू?

इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण बऱ्याचदा टीव्हीच्या मागे असतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. गोलची सूचना देणारी ॲप्स त्याही आधी वाजतात. मॅचपुरत्या सूचना बंद ठेवा. दुसरा इलाज नाही.

त्या शहराबद्दल काय माहीत असावं?

इथे थोडं थांबतो, कारण लांबचे चाहते सर्वात जास्त घोळ इथेच घालतात.

एव्हर्टनची सुरुवात १८७८ मध्ये एका चर्चच्या मुलांच्या संघापासून झाली. आज लिव्हरपूलचं जगप्रसिद्ध मैदान असलेलं अॅनफिल्ड आधी आमचं होतं. १८९२ मध्ये मैदानाचे मालक जॉन हाउल्डिंग यांच्याशी भाड्यावरून आणि कारभारावरून वाजलं. एव्हर्टन मधली बाग ओलांडून पलीकडे गुडिसनला गेला आणि हाउल्डिंगकडे मैदान उरलं पण संघ उरला नाही, म्हणून त्यांनी नवा काढला. तो लिव्हरपूल. म्हणजे ते आहेत आमच्या भाडेतंट्यातून. हे त्यांच्या चाहत्याला वर्षातून एकदा तरी ऐकवावं.

पण ही भाऊबंदकी आहे, वैर नाही. एकाच घरात एक निळा (एव्हर्टनचा), एक लाल (लिव्हरपूलचा), हे तिथे नेहमीचं. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. त्यात जीव गेलेल्यांचा आकडा आज ९७ आहे. त्याच दिवशी एव्हर्टन दुसरा उपांत्य सामना खेळत होता. गेलेल्यांच्या घरांत निळे होतेच. नंतर एका वृत्तपत्राने मृतांच्या माथी खोटे आरोप मारले, तर ते वृत्तपत्र विकायला शहरातली बरीच दुकानं आजही तयार नाहीत. कुटुंबांनी न्यायासाठी जवळजवळ तीन दशकं झगडा केला, आणि त्यात एव्हर्टनचे लोक त्यांच्या बरोबर होते.

म्हणून लिव्हरपूल हरलं की हवं तेवढं हसा, पण हिल्सबरोवर एक अक्षर बोलायचं नाही. मँचेस्टर युनायटेडच्या १९५८ च्या म्युनिक विमान अपघाताबद्दलही नाही. लांब बसून फोनवर टाइप करणाऱ्याला हे नुसते शब्द वाटतात. तिथे त्या माणसांचे भाऊ-बहीण अजून मैदानात येतात.

मालक म्हणतात की सगळे बदल ‘जगभरातल्या चाहत्यांसाठी’ आहेत. तुम्हाला आनंद होत नाही?

नाही, धडकी भरते. आमचं नाव पुढे करून काय काय झालंय ते बघा.

२००८ मध्ये प्रीमियर लीगला प्रत्येक क्लबची एक जादा मॅच परदेशात खेळवायची होती. ३८ च्या मोसमात ३९ वी. ओरड झाली, बारगळलं. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकांनी निळी जर्सी काढून लाल आणली, परदेशी बाजारात लाल चालतं म्हणून. क्लबचं टोपणनाव ब्लूबर्ड्स, आणि जर्सी लाल. २०१५ मध्ये परत निळी झाली. हल सिटीच्या मालकांना क्लबचं नावच बदलून ‘हल टायगर्स’ करायचं होतं, २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने ते नाकारलं. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली. त्या वेळी जुन्या, मैदानात येणाऱ्या लोकांना ‘वारशाने आलेले चाहते’ आणि आम्हाला ‘भविष्यातले चाहते’ म्हटलं जात असल्याच्या बातम्या होत्या. चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी रस्ता अडवला आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. म्हणजे वारशाने आलेल्यांनीच ते मोडलं. २०२५ मध्ये बार्सिलोना आणि व्हियारियाल यांची लीगची मॅच मायामीत न्यायचं ठरलं होतं, तेही रद्द झालं.

मला मायामीतली बार्सिलोना नको आणि माझ्या दारात आलेला एव्हर्टनही नको. मी ज्याच्या प्रेमात पडलो ते एका विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट माणसांमध्ये घडतं. ते उचलून माझ्याकडे आणलं तर उरणार काय? म्हणून तिकिटाचे दर, मॅचच्या वेळा, बोधचिन्ह, कशावरूनही मालक आणि स्थानिक पाठीराखे यांच्यात जुंपली, की माझं मत स्थानिकांना. आमच्या क्लबने २०१३ मध्ये बोधचिन्ह ‘सोपं’ केलं होतं, जुनं लॅटिन बोधवाक्य काढून. लोकांनी इतका दंगा केला की क्लबला माफी मागून पुढच्या वर्षी, चाहत्यांचं मतदान घेऊन, ते परत आणावं लागलं. अशा वेळी निषेधाच्या अर्जावर सही करायला लांबूनही येतं.

मॅच बघायला प्रत्यक्ष जायचं आहे. कुठून सुरुवात करू?

पैसे साठवण्यापासून. मग पुढचं.

वेळापत्रक जूनच्या मध्यात येतं, पण त्यावर विश्वास ठेवून विमानाचं तिकीट काढू नका. टीव्हीसाठी मॅच शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कुठेही सरकते आणि ते काही आठवडे आधीच कळतं. शनिवारची मॅच गृहीत धरून रविवारचं परतीचं विमान घेतलं, की मॅच सोमवारी रात्री ठेवतात. हा निसर्गनियम आहे. मागेपुढे दोन-तीन दिवस सोडा. आणि मग हवामान. ७ डिसेंबर २०२४ ची डर्बी डॅराग वादळामुळे त्याच दिवशी सकाळी पुढे ढकलली गेली. जगभरातून आलेले लोक हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसले. जमत असेल तर एकाच खेपेत दोन मॅच पकडा.

तिकीट क्लबकडूनच घ्या. त्यासाठी बहुतेक ठिकाणी आधी वार्षिक सभासदत्व घ्यावं लागतं, आणि तिकीट फोनवर येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. इंटरनेटवर तिप्पट दराने विकणारा ‘एजंट’ भेटेल, त्याला पैसे देऊन मी एकदा हात पोळून घेतलेत. दारावरच्या यंत्राने लाल दिवा दाखवला, तेव्हा एजंटाचा फोन बंद होता. लीग कप किंवा एफए कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांची तिकिटं त्यामानाने सहज मिळतात.

प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या बाजूची तिकिटं २०१६-१७ पासून ३० पौंडांच्या वर जात नाहीत, पण ती आधी नियमित जाणाऱ्यांना मिळतात. मिळायलाच हवीत. यजमान संघाच्या स्टँडमध्ये बसून पाहुण्यांची जर्सी घालू नका, बाहेर काढतात. बिअर घेऊन जागेवर जाता येत नाही, मैदान दिसतं तिथे दारू प्यायला १९८५ पासून कायद्याने मनाई आहे.

२०२५ पासून पुरुषांचा संघ ब्रॅमली-मूर डॉकवरच्या नव्या मैदानात खेळतो. ५२ हजारांहून जास्त माणसं मावतात, बाजूलाच मर्सी नदी. सँडहिल्स स्टेशनवरून चालत जा. वारा असतो, टोपी घट्ट धरा. लवकर पोहोचा, म्हणजे टॉफी लेडी प्रेक्षकांत टॉफीच्या गोळ्या फेकत फिरते ते दिसेल. आम्हाला टॉफीज म्हणतात ते उगाच नाही.

तिकीट नाहीच मिळालं तर?

महिला संघाची मॅच बघा. त्यांचं घर आता गुडिसन पार्क आहे, १८९२ पासूनचं ते जुनं मैदान. तिकीट स्वस्त आणि बसायची जागा निवांत.

आणि ती दुय्यम गोष्ट समजून जाऊ नका. २६ डिसेंबर १९२० ला याच मैदानावर ‘डिक, कर लेडीज’ आणि ‘सेंट हेलेन्स’ या दोन महिला संघांची मॅच बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली, ती पन्नास वर्षं टिकली. १९६६ च्या विश्वचषकात युसेबियोने उत्तर कोरियाविरुद्ध चार गोल केले तेही याच गवतावर. एका मोसमात लीगमध्ये ६० गोल करणारा डिक्सी डीन इथेच खेळला, आणि १९८० मध्ये इथेच डर्बी बघताना गेला.

जर्सी दरवर्षी घ्यावी का?

नाही. दर मोसमात तीन नव्या निघतात, कुणाकुणाच्या घेणार? पाठीवर खेळाडूचं नाव छापून घेऊ नका. रूनीवरून मी धडा घेतलाय. प्रीमियर लीगच्या क्लबांनी जुगार कंपन्यांची नावं छातीवरून २०२५-२६ च्या मोसमानंतर काढायचं ठरवलंय, तेव्हा लहान मुलासाठी घ्यायची असेल तर त्यानंतरची घ्या.

एकट्याने बघायचं की जमवून?

शक्य असेल तर जमवून. आपल्या क्लबचे चार लोक तुमच्या शहरात नक्की असतात, बहुतेक मोठ्या क्लबांच्या संकेतस्थळावर देशोदेशीच्या मंडळांची यादी असते. आमच्या गटात आधी तिघे होतो. तिघांचीही ओळख हरलेल्या मॅचनंतर झाली. जिंकल्यावर माणसं घरी जातात, हरल्यावर बोलत बसतात.

मुलांनाही याच क्लबला लावणार?

माझी इच्छा आहे. मुलीने पेंग्विन असलेला कुठलातरी संघ निवडलाय, तो कुठल्या खेळातला आहे हेही मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही स्वतः गुडिसनला कधी गेलात का?

एकदा. पुरुषांचा संघ तिथून हलण्याच्या काही वर्षं आधी.

मला जागा मिळाली जुन्या स्टँडमधली, लाकडी खुर्ची आणि बरोबर समोर लोखंडी खांब. त्या मैदानात खांब भरपूर होते, तिकिटावरच छापलेलं असायचं की इथून नीट दिसणार नाही. उजवीकडचा गोल मला अर्धा दिसत होता. कोपऱ्यात सेंट ल्यूक्स चर्च, मैदानाला जवळजवळ टेकलेलं. संघ धावत बाहेर आला तेव्हा क्लबची ती जुनी धून वाजली आणि मला पुढची दोन मिनिटं खांबाशिवाय दुसरंही काही दिसलं नाही.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. कुठून आलास, विचारलं. सांगितलं. त्यांनी मैदानाकडे बघितलं, आमच्या बचावपटूने तेवढ्यात चेंडू थेट बाहेर लाथाडला होता. मग माझ्याकडे बघितलं. ‘हे बघायला?’

मध्यंतरानंतर ते काही न बोलता आपल्या खुर्चीत डाव्या बाजूला सरकून, अवघडून बसले, म्हणजे मला त्यांच्या खांद्यावरून वाकून उजवा गोल पूर्ण दिसावा. पंचेचाळीस मिनिटं तसेच बसले. मॅच ०-० सुटली.